ब्रेकमधली हवा

मी दातांचा डॉक्टर आहे. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण घराला लागून असलेल्या गॅरेजमध्ये एका म्हाताऱ्या स्पोर्ट्स कारचे अवयव मी ज्या आत्मविश्वासाने सुटे केले, तो कुठून आला याचं दुसरं काही स्पष्टीकरण माझ्याकडे नाही. दिवसभर लोकांच्या तोंडात वाकून बारीक कामं करणाऱ्या माणसाला हळूहळू वाटायला लागतं, की जगातलं प्रत्येक बिघडलेलं यंत्र आपल्यासमोर आ वासून बसलंय आणि फक्त आपण वाकायचा अवकाश आहे.

गाडी माझ्या एका पेशंटची. दोन सीटची, उघड्या टपाची, वयाने माझ्यापेक्षा थोडी मोठी. ते गृहस्थ कायमचे मुलीकडे राहायला निघाले होते आणि गाडी चांगल्या हातात पडावी अशी त्यांची इच्छा होती. किरकोळ काम आहे, म्हणाले. त्यांच्या तोंडात तेव्हा मी कवळीचं माप घेत होतो, त्यामुळे ते 'किरकोळ' म्हणाले की 'बरंच' म्हणाले, हे आज मी छातीठोकपणे सांगू शकत नाही.

गाडी क्रेनला लटकून घरी आली. बायकोने तिच्याभोवती एक चक्कर मारली आणि या दोन सीटांवर कोण कोण बसणार आहे, एवढंच विचारलं. ती शाळेत उपमुख्याध्यापिका आहे. तिच्या एका नजरेत सगळी शाळा चिडीचूप होते. घरात ती नजर वाटून घ्यायला मी एकटाच आहे.

पहिले काही महिने माझे मजेत गेले. मी कार्बोरेटर खोलला, साफ केला, परत बसवला आणि तीन वायसर उरले. ते कुठले हे शेवटपर्यंत कळलं नाही, पण इंजिनालाही त्यांची उणीव फारशी जाणवली नसावी, कारण ते आधीही चालत नव्हतं आणि नंतरही चाललं नाही. पत्र्याला गंज होता. दातातली कीड तपासायची सुई मी दवाखान्यातून आणून दाराच्या खालच्या कडेला टोचून पाहिली, तर सुई आत गेली, मग बोट आत गेलं, आणि मग मी थांबलो. शेजारी एक विमा एजंट राहतात. ते रोज कामावर जाताना गॅरेजच्या दारात उभे राहून विचारायचे, "काय डॉक्टर, डेंटिस्टचं डेंटिंग कुठवर आलं?" हा विनोद त्यांना पहिल्या दिवशी सुचला आणि तो जुना झालाय असं त्यांना कधीच वाटलं नाही.

मग एका रविवारी इंजिन खरंच सुरू झालं. गॅरेज धुराने भरलं, विमावाले पाण्याची बादली घेऊन धावत आले आणि मी त्या धुरात उभा राहून मुलगा पास झाल्यासारखा हसत होतो. आता फक्त ब्रेक तपासायचे आणि निघायचं, असं मी सगळ्यांना सांगून टाकलं. माझी अधोगती त्या 'फक्त'पासून सुरू होते.

पुढच्या चाकांचे ब्रेक कॅलिपर, म्हणजे चकतीला दोन्ही बाजूंनी चिमटीत धरणारे लोखंडी तुकडे, मी काढले, घासले आणि लाल रंगवले. चाकांच्या आऱ्यांमधून ते दिसतात. लाल रंग दिला की गाडी उभी असतानाही पळतेय असं वाटतं, आणि माझ्या गाडीला त्याची गरज होती. रंग वाळल्यावर ते बसवले, नवं ब्रेक ऑईल भरलं आणि पेडलवर पाय ठेवला. पाय लोण्यात गेल्यासारखा जवळजवळ तळाला.

याचा अर्थ नळ्यांमध्ये हवा शिरली आहे, हे मला पुस्तकात वाचून कळलं. ती काढायला दोन माणसं लागतात. एकाने आत बसून पेडल दाबून धरायचं. दुसऱ्याने चाकाशी आडवं पडून कॅलिपरवरचा एक छोटा स्क्रू सैल करायचा, म्हणजे नळीतून ऑईल आणि बुडबुडे बाहेर येतात. स्क्रू बंद करायचा, मग आतल्याने पाय सोडायचा. बुडबुडे येणं थांबेपर्यंत हेच करत राहायचं.

पहिल्या दिवशी बायको बसली. तिला शाळेतून फोन येत होते. ती फोनवर कुणाला तरी "सोडून द्या आता" म्हणाली, तेव्हा मला वाटलं तिने पाय सोडला म्हणून मी स्क्रू पार काढला, आणि पुढचं सगळं ऑईल माझ्या शर्टावर आलं. दुसऱ्या दिवशी विमावाले बसले. मी गाडीखाली असताना त्यांनी मला अपघात विम्याचे फायदे समजावून सांगितले. त्यांचा पाय ब्रेकवर होता, त्यामुळे मला उठूनही जाता येईना. त्या संध्याकाळी मी पॉलिसी घेतली. पेडल मात्र लोण्यातच होतं.

सासूबाई त्या दिवसांत आमच्याकडे होत्या. आदल्या वर्षी सासरे गेले, आणि पाठोपाठ त्यांच्या उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. त्यांचं स्वतःचं घर शहराच्या दुसऱ्या टोकाला, दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नसलेल्या इमारतीत. तिथे त्या एकट्या कशा राहणार, म्हणून बायको त्यांना घेऊन आली होती. मागच्या खोलीत खिडकीजवळ पाय स्टुलावर ठेवून त्या बसून असत. व्यायाम शिकवायला एक फिजिओथेरपिस्ट मुलगी यायची. ती "आजी, वाकवा, अजून थोडं वाकवा" म्हणायची आणि सासूबाई डोळे मिटून घ्यायच्या. बायको आधी समजूत घालायची, मग रागवायची, मग बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून बराच वेळ तोंड धूत बसायची.

सासूबाईंनी सगळी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये केली. शेवटी त्या तिथे सुपरवायझर होत्या. कमी शब्दांत बोलायची आणि ऐकून घ्यायची सवय त्यांना तिथली. लग्न ठरल्यापासून त्या मला 'डॉक्टर' म्हणतात. पण त्यांच्या थोरल्या भावाचा मुलगा हृदयाचा डॉक्टर आहे, त्यालाही त्या 'डॉक्टर'च म्हणतात, आणि दोन उच्चारांत फरक आहे. आमच्यात भांडण कधी नव्हतं. बोलणंच नव्हतं. जेवायला या, बरं आहे ना, पंखा लावू का, एवढ्यावर वीस-बावीस वर्षं निघाली होती.

एका दुपारी दवाखाना बंद ठेवून मी गॅरेजमध्ये एक अचाट प्रयोग करत होतो. पेडल आणि सीट यांच्यामध्ये झाडूचा दांडा अडकवून, धावत जाऊन चाकाशी लोटांगण घालायचं आणि दांडा निसटायच्या आत स्क्रू उघडायचा. दांडा निसटला आणि हॉर्नवर आपटला. हॉर्न अडकला. तो बंद करायला मी बॅटरीची वायर शोधत असताना स्वयंपाकघराच्या दारात सासूबाई काठी टेकून उभ्या दिसल्या. तिथून गॅरेजमध्ये उतरायला एकच पायरी आहे. एवढं अंतर त्या आपणहून चालून आल्याचं मी पहिल्यांदाच पाहत होतो.

हॉर्न थांबल्यावर त्यांनी काय चाललंय ते विचारलं. मी सांगितलं. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "बसून करायचं काम आहे का?"

मी हो म्हणालो, पण तुमचा गुडघा, असं काहीतरी पुटपुटलोही. त्यांनी ते ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

गाडीची सीट फार खाली असते. तीत गुडघेदुखीचा माणूस बसू शकतो, उठू मात्र शकत नाही. सुदैवाने ड्रायव्हरची सीट मी आधीच काढून, उसवून ठेवली होती, अर्थातच पुन्हा शिवता आली नव्हती. तिच्या जागी मी स्वयंपाकघरातला लाकडी स्टूल ठेवला, वर उशी. टप नव्हताच. सासूबाई त्या स्टुलावर बसल्या तेव्हा काचेच्या पार वर आल्या. आमच्या गल्लीतून सत्काराची मिरवणूक निघाली असावी असं ते दृश्य होतं. मी चाकाशी आडवा झालो आणि म्हणालो, "दाबा."

पेडल खाली गेलं. मी स्क्रू उघडला, बंद केला. "सोडा."

"दाबा." "सोडा." "दाबा." "सोडा."

असे नेमके, शांत, एका लयीत चालणारे पाय मला आजवर मिळाले नव्हते. पेडल काही घट्ट झालं नाही, पण उठताना सासूबाई म्हणाल्या, की उद्याही करायचं असेल तर सांगा.

उद्याही करायचं होतं, परवाही. दुपारी मी दवाखान्यातून जेवायला घरी यायचो आणि जेवण उरकून आम्ही दोघं गॅरेजमध्ये उतरायचो. बायको तेव्हा शाळेत असायची. तिला सांगायचं नाही असं आमचं काही ठरलं नव्हतं, पण कुणी सांगितलंही नाही. आठवड्याभराने फिजिओथेरपिस्टने गुडघा वाकवून पाहिला आणि ती खूश झाली. व्यायाम करताय ना, असं तिने विचारल्यावर सासूबाई "करतेय" म्हणाल्या आणि पहिल्यांदाच डोळे उघडे ठेवून बसल्या. बायकोने मला अभिमानाने सांगितलं की शेवटी तिच्या रागावण्याचाच उपयोग झाला. मी मान हलवली.

गाडीखाली पडलेल्या माणसाला फक्त आवाज ऐकू येतो आणि स्टुलावर बसलेल्याला फक्त त्याचे बूट दिसतात. दोघांनाही एकमेकांचं तोंड बघायला लागत नाही. त्यामुळेच असेल, 'दाबा' आणि 'सोडा'च्या मधल्या जागेत सासूबाई बोलायला लागल्या. आधी एक्स्चेंजबद्दल. रात्रपाळीला कुठे कुठे फोन जोडून द्यावे लागायचे, लोक ऑपरेटर ऐकत नाहीये असं समजून काय काय बोलायचे. मग सासऱ्यांबद्दल. ते कसे कमी बोलायचे, पण रोज सकाळी खिडकीत उभं राहून समोरच्या मैदानावर खेळायला आलेल्या पोरांच्या बॉलिंगला कसे मार्क द्यायचे. ते गेल्यापासून त्या खिडकीला पडदा लावलेला आहे, तो कुणी बाजूला केला असेल का, असं त्या एकदा म्हणाल्या. मी खाली नळीतल्या बुडबुड्यांकडे बघत "हं" म्हणालो. जबाबदार जावयाला शोभेल असं दुसरं काही मला सुचलं नाही.

आणि एक दिवस पेडल दाबून धरलेलं असतानाच त्या म्हणाल्या, "डॉक्टर, मला माझ्या घरी जायचंय."

मी स्क्रू बंद करायला विसरलो. ऑईल कानात गेलं.

त्या पुढे शांतपणे बोलत राहिल्या. बायको आणि मेहुणा मिळून ते घर भाड्याने द्यायचं बघतायत, हे त्यांना माहीत होतं. मेहुणा परगावी असतो आणि रोज संध्याकाळी फोन करतो. फोनवर कुजबुजणाऱ्यांचं ऐकण्यातच त्यांची नोकरी गेली होती, त्यामुळे त्यांच्यापासून लपवायचं म्हणजे कठीणच. आमच्याबद्दल त्यांची काही तक्रार नव्हती. पण इथे त्या पाहुण्या होत्या, कपाट उघडतानाही विचारावंसं वाटायचं, आणि गुडघा साथ देणार असेल तर त्यांना आपल्या जिन्याने आपल्या घरी जायचं होतं. त्यासाठीच त्या रोज पेडल दाबत होत्या. मला इतके दिवस वाटत होतं, की त्यांना गाड्यांची आवड लागली.

"तुम्ही तिला सांगाल?" त्यांनी विचारलं. "तुमचे ब्रेक झाले, की सांगा. तोवर माझा गुडघाही होईल."

मी लगेच कबूल झालो. ब्रेक होण्याची लक्षणं मुळीच दिसत नव्हती, त्यामुळे कबूल व्हायला काहीच हरकत नव्हती.

पण पुढच्याच आठवड्यात दवाखान्यात गडबड झाली. एका बाईंची दाढ काढायची होती. भूल द्यायला मी सिरिंज भरली, सुई वर करून धरली, आतली हवा वर गोळा झाली आणि दट्ट्या किंचित दाबून ती बाहेर काढली. हे मी रोज करतो, पंचवीस वर्षं करतोय. त्या दिवशी मात्र सुई वर धरून मी तसाच थिजलो. हवा वर जाते. हवा नेहमी वरच जाते. आणि माझ्या गाडीच्या कॅलिपरवरचा हवा काढायचा स्क्रू खालच्या बाजूला होता. इतके दिवस मी खालून ऑईल काढत होतो आणि हवा वर आरामात बसून होती. रंगवून परत लावताना मी उजवा कॅलिपर डावीकडे आणि डावा उजवीकडे बसवला होता. दोन्ही इतके सुंदर लाल झाले होते, की कुठला कुठला ते बघायचं राहूनच गेलं.

खुर्चीतल्या बाई तोंड उघडं ठेवून माझ्याकडे बघत होत्या. मी हातात सुई घेऊन छताकडे बघत कपाळावर हात मारला, हे त्यांच्या दृष्टीने फार चांगलं लक्षण नसावं. त्या नंतर माझ्याकडे आल्या नाहीत.

कुठल्याही शहाण्या माणसाने घरी जाऊन कॅलिपर बदलले असते. मी घरी जाताना हिशेब केला, की कॅलिपर बदलले म्हणजे ब्रेक लागणार, ब्रेक लागले म्हणजे बायकोला सांगावं लागणार. त्या दुपारी मी नेहमीसारखा चाकाशी आडवा झालो आणि "दाबा" म्हणालो. दुसऱ्या दिवशीही. तिसऱ्या दिवशी तर मी पाना हातात धरून नुसताच पडून राहिलो आणि अंदाजाने "सोडा" म्हणालो.

मग काठीचं टोक माझ्या बुटाला लागलं.

"आज तुम्ही स्क्रू उघडलाच नाही."

मी पाना स्क्रूवर उगाच टेकवला.

"उघडलात की पाय आणखी खाली जातो. आज गेला नाही. पायाला कळतं."

मी गाडीखालून बाहेर आलो आणि जमिनीवर बसून सगळं सांगितलं. सिरिंज, कॅलिपर, लाल रंग. सासूबाई स्टुलावरून माझ्याकडे बघत होत्या. इतक्या वर्षांत त्यांना हसताना मी पाहिलं होतं, पण माझ्यामुळे हसताना नाही. हसून झाल्यावर त्यांनी पदराने डोळे पुसले.

"तुम्ही तिला भिता," त्या म्हणाल्या. "मीही भिते. म्हणून तर तुम्हाला सांगितलं."

त्या संध्याकाळी जेवण झाल्यावर मी बायकोला सांगितलं. सांगण्याची माझी पद्धत अशी होती, की मी आधी कॅलिपरपासून सुरुवात केली. ती वह्या तपासत होती. हवा वर जाते इथपर्यंत ती "हं, हं" करत होती. आई रोज दुपारी पेडल दाबते म्हटल्यावर तिने पेन खाली ठेवलं. मग मी उरलेलं एका दमात सांगून टाकलं आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत बसलो.

मला वाटलं होतं ती गुडघ्यावरून रागवेल. नव्या गुडघ्याच्या बाईला गाडीत स्टुलावर बसवणं, ऑईल, घसरणं, याची उत्तरं मी तयार ठेवली होती. ती त्यातलं काहीच बोलली नाही.

"तिने हे तुला सांगितलं?" तिने विचारलं. "तुला?"

ती उठून आईच्या खोलीच्या दारापर्यंत गेली, तिथे थांबली आणि परत येऊन वह्या तपासायला बसली. ती तेच पान पुन्हा पुन्हा बघत होती. मी भांडी घासायला घेतली. आमच्याकडे भांडी घासायची मशीन आहे, तरीही घासली.

पुढचे काही दिवस घरात तिघंही फार सभ्यपणे वागत होतो. मीठ मागतानासुद्धा कृपया. मी मुकाट्याने कॅलिपर काढले आणि आपापल्या बाजूला बसवले. स्क्रू वर आले. सासूबाईंना बोलवायचा धीर होईना, आणि विमावाल्यांना बोलवायची ऐपत नव्हती. रविवारी सकाळी मी झाडूचा दांडा शोधत होतो तेव्हा बायको गॅरेजमध्ये आली, जुन्या चपला घालून, फोन घरात ठेवून. स्टुलावर बसली आणि विचारलं, "पुन्हा सांग, काय करायचं असतं?"

मी खाली आडवा झालो. "दाबा," म्हणालो. सवयीने आदरार्थी बोललो. तिने दाबलं.

नळीतून बुडबुडे यायला लागले. मोठाले, एकामागून एक, कित्येक आठवडे कोंडून बसलेले. वरून ती बोलायला लागली. वडील पडले तेव्हा घरात आई एकटीच होती. तिने फोन केला, आणि ही वर्गात होती, फोन बंद. तासाभराने हिने तो पाहिला. ते घर म्हटलं की तिला तो न उचललेला फोन आठवतो, दुसरं काहीच आठवत नाही. आईला तिथे परत पाठवायचं म्हणजे तो फोन पुन्हा कधीतरी वाजणार. हे तिने आईला कधी सांगितलं नव्हतं. मलाही नाही.

"सोडा," मी म्हणालो.

"काय?"

"पाय. पाय सोड."

ती हसली, आणि मग थोडी रडलीही. खालून मला फक्त तिची चप्पल दिसत होती, ती पेडलच्या बाजूला शांत टेकलेली. मी म्हणालो, की हे तू आईला सांगायला हवंस, मी भिंत म्हणून ठीक आहे, पण उत्तर द्यायला बरा नाही. ती म्हणाली ते तिला माहीत आहे, लग्नाला बरीच वर्षं झाली. मग तिने न सांगता पुन्हा पेडल दाबलं आणि म्हणाली, "हे घट्ट झालंय."

खरंच झालं होतं. दगडासारखं.

त्या दुपारी मायलेकी मागच्या खोलीत दार लावून बसल्या. आत काय बोलणं झालं ते मला माहीत नाही. संध्याकाळी दोघींचे डोळे सुजलेले होते आणि दोघी माझ्या स्वयंपाकाला नावं ठेवत होत्या, त्यावरून चांगलं झालं असावं असा मी अंदाज केला. ठरलं ते असं. महिनाभर सासूबाई आमच्याच जिन्यावर चढउतार करतील. फिजिओथेरपिस्ट हो म्हणाली, की त्या आपल्या घरी जातील. तिथे खालच्या मजल्यावर राहणाऱ्या एका शिक्षिकेकडे एक किल्ली राहील. आणि रोज सकाळी शाळेत जायच्या आधी बायको त्यांना फोन करील, आपल्याला वाटलं म्हणून, पाळत ठेवायला नव्हे. हा शेवटचा मुद्दा सासूबाईंनी दोनदा म्हणवून घेतला.

जायच्या दिवशी सासूबाई माझ्या गाडीतून जाणार म्हणाल्या. बायको त्यांच्याकडे बघतच राहिली. मी एव्हाना सीट शिवून आणली होती, म्हणजे शिवणाऱ्याकडून शिवून आणली होती, आणि शेजारच्या सीटवर दोन जाड उशा ठेवून ती उंच केली होती. सासूबाईंनी डोक्याला रुमाल बांधला. बायको आमच्या नेहमीच्या शहाण्या गाडीत सामान घेऊन मागून येत होती. विमावाले फाटकात उभे राहून हात हलवत होते. आपली पॉलिसी किती वेळात कामाला येते, हे ते मनात मोजत असावेत असं मला वाटलं.

गाडी चालली. रस्त्यावरचे लोक बघत होते, एका सिग्नलला बसमधल्या मुलांनी टाळ्या वाजवल्या. ब्रेक असे लागत होते, की मी पहिल्याच चौकात गरज नसताना दोनदा दाबून पाहिले आणि मागून बायकोने हॉर्न वाजवला. सासूबाई समोर बघत बसल्या होत्या. मैदानाच्या कोपऱ्यावर वळताना त्या म्हणाल्या, जरा हळू घ्या, आणि तिथे खेळणाऱ्या पोरांकडे वळून बघत राहिल्या.

जिना त्या चढल्या. मधल्या वळणावर थांबल्या, कठडा धरला, आम्हा दोघांना हात लावू दिला नाही. दार उघडून आत गेल्यावर चपलाही न काढता आधी खिडकीपाशी गेल्या आणि पडदा बाजूला केला. त्यावर साठलेली धूळ सगळ्या खोलीभर उडाली. बायको शिंकत शिंकत झाडू शोधायला लागली, तर सासूबाईंनी तो कुठे आहे ते न बघता सांगितलं.

मी निघायला खाली आलो आणि किल्ली फिरवली. इंजिन एकदा खोकलं. पुन्हा फिरवली, खोकलंही नाही. बॉनेट उघडून मी आत बराच वेळ बघितलं, कारण अशा वेळी तसं बघायचं असतं. शेवटी बायको खाली आली, तिच्या गाडीचं दार उघडून उभी राहिली, आणि मी मुकाट बसलो.

ती गाडी अजून तिथेच आहे, सासूबाईंच्या इमारतीखाली, भिंतीला लागून. क्रेन बोलवता येईल, पण बोलवलेली नाही. रविवारी आम्ही दोघं तिकडे जातो. बायको वर बसते आणि मी खाली पाने पसरून आडवा होतो. मैदानावरची पोरं खेळ थांबवून सल्ले देतात. बिघाड पेट्रोलच्या पंपात आहे, असं मला आता जवळजवळ नक्की वाटतं, मागच्या महिन्यात तो स्पार्क प्लगमध्ये आहे असं वाटत होतं तसंच. सासूबाई दिवसातून दोनदा जिना उतरून गाडीवरचं कव्हर नीट करून जातात. गुडघ्यासाठी, म्हणतात. मधेच कधीतरी माझा दवाखाना चालू असताना त्यांचा फोन येतो. मांजराने सीटवर पिल्लं घातली आहेत, तेव्हा या रविवारी कृपा करून इंजिन सुरू करायचा प्रयत्न करू नका, असं त्या काल म्हणाल्या. तशी भीती बाळगायचं काही कारण नाही, असं मी त्यांना सांगितलं.